डोळ्यातली मंद आच : काँप्लिमेंटचे नियामक आणि युव्हिआयटिस

निवळशंख (धागाकर्ता)

मध्यंतरी येथे एका सदस्याने आपल्या युव्हिआयटिसविषयी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहाविषयी, लिहिले होते आणि त्याखाली दोघातिघांनी ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असा सल्ला देऊन दोन काढेही सुचवले होते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. परंतु ज्या आजारात स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा डोळ्यावर उलटलेली असते, तेथे तिला आणखी चेव आणणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. तेथेच उत्तर लिहू लागलो तर ते लांबत गेले, म्हणून हा स्वतंत्र धागा. मी काही वर्षे प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले आणि आता शिकवतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचारांविषयी मी काही सांगणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, निरोगी डोळा शांत असतो तो तेथे आग नसते म्हणून नव्हे, तर तेथील आग सतत मंद ठेवलेली असते म्हणून. ती मंद ठेवणारे हात म्हणजे काँप्लिमेंटचे नियामक.

काँप्लिमेंट, म्हणजे पाठ्यपुस्तकांतील पूरक प्रथिने, ही रक्तद्रवातील तीसहून अधिक प्रथिनांची यंत्रणा आहे. १८९० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे यांनी दाखवले की, लस टोचलेल्या प्राण्याचा रक्तद्रव ५५-५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याची जंतू मारण्याची क्षमता जाते. पण त्यात न तापवलेला ताजा रक्तद्रव थोडासा मिसळला, मग तो लस न टोचलेल्या प्राण्याचा का असेना, की ती क्षमता परत येते. म्हणजे प्रतिपिंडे तेवढी उष्णता सोसतात, पण त्यांचे काम पुरे करणारे दुसरे काहीतरी तिने निकामी होते. पॉल एर्लिश यांनी त्या ‘काहीतरी’ला काँप्लिमेंट हे नाव दिले, आणि बोर्दे यांना १९१९ चे नोबेल मिळाले. आजही पेशी वाढवणाऱ्या कित्येक प्रयोगशाळांत सीरमची बाटली ५६ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवतात. आमच्याकडे त्याला ‘सीरम मारणे’ म्हणत, आणि नवख्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तेच काम मिळे.

या यंत्रणेतील मध्यवर्ती प्रथिन सी३ हे होय. त्याची खोड अशी की, कोणी न उचकवताही ते पाण्याशी संयोग पावून थोडे थोडे उघडत राहते. वॉशर झिजलेला नळ जसा रात्रभर टपटपत असतो तसेच हे आहे, फक्त येथे टपटपणे हा बिघाड नसून पहारा आहे. उघडलेल्या सी३चा तुकडा, सी३बी, जवळच्या पृष्ठभागाला चिकटतो, आणि तो पृष्ठभाग जंतूचा आहे की आपल्याच पेशीचा, हे त्याला कळत नाही. चिकटलेल्या तुकड्यावर बी घटकाचा एक भाग येऊन बसला की आणखी सी३ फोडणारी कात्री तयार होते, तिच्यातून आणखी कात्र्या तयार होतात, आणि थेंबाचा लोंढा व्हायला फार वेळ लागत नाही. पुढे सी५ फुटते. सी३ए आणि सी५ए हे सुटे तुकडे पांढऱ्या पेशींना हाक मारतात आणि शेवटी पेशीच्या आवरणाला भोक पाडणारे संकुल उभे राहते.

आपल्या पेशी यातून वाचतात त्या नियामकांमुळे. त्यांतील सीडी५५ किंवा डॅफ हा पेशीच्या आवरणात मेदाच्या खुंटीने रोवलेला असतो आणि कात्रीची दोन पाती घाईघाईने सुटी करतो. सीडी४६ हा आय घटक या कापणाऱ्या प्रथिनाला हाताशी धरून सी३बीचे असे तुकडे करवतो की त्याची पुन्हा कात्री होऊ शकत नाही. सीडी५९ अगदी शेवटच्या पायरीवर भोक पाडणाऱ्या संकुलाला अडवतो. रक्तद्रवात मोकळा फिरणारा एच घटक हाही याच कुळातला.

आता डोळ्याकडे येतो. २००० साली एका अमेरिकी संशोधकगटाने दोन गोष्टी प्रसिद्ध केल्या. पहिली अशी की, निरोगी डोळ्यातही काँप्लिमेंट मंदपणे चालूच असते, आणि डोळ्यातील द्रवात सीडी४६, डॅफ आणि सीडी५९ हे तिन्ही नियामक विरघळलेल्या रूपात हजर असतात. दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. मोठ्या जातीच्या उंदरांच्या, म्हणजे रॅटच्या, डोळ्यात त्यांनी क्राय नावाच्या नियामकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे टोचली. ना जंतू, ना जखम, ना बाहेरचे कुठले प्रतिजन (प्रतिकारयंत्रणा ज्याला ओळखून उठते तो पदार्थ). फक्त लगाम काढून घेतला, आणि त्या निरोगी डोळ्यांत तीव्र दाह उसळला. सीडी५९ निष्प्रभ केल्यावर मात्र तसे झाले नाही. म्हणजे तेथे निर्णायक ठरला तो साखळीच्या वरच्या टोकाचा, सी३ जेथे फुटते तेथला लगाम.

एवढ्यावर कोणी म्हणेल की, ही तर नुसती स्थानिक आग झाली, यात ‘स्वयंप्रतिकार’ कोठे आला? त्याचे उत्तर २००९ साली क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. पण ते जरा सविस्तर लिहावे लागेल, तेव्हा उद्या.

शंकासुर

लेखन आवडले, तरी नावाला जागून दोन शंका विचारतो.

पहिली शंका. डोळा हा प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने ‘सोवळ्यातला’ अवयव आहे, असे आम्हाला शिकवले होते. १९४८ साली पीटर मेडावर यांनी सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परक्या त्वचेचे तुकडे ठेवले आणि ते अन्यत्र टिकतात त्याहून अधिक टिकले. रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामध्ये घट्ट भिंत असते, हेही आपण जाणतो. मग भिंतीआड काँप्लिमेंट चालूच असते असे म्हटल्यावर त्या सोवळ्याचे काय उरले?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. या विषयातील बहुतेक प्रयोग छोट्या उंदरांवरचे आहेत, आणि त्यांच्यात युव्हिआयटिस निर्माण करण्यासाठी दृष्टिपटलातील प्रथिन फ्रॉइंडच्या तेलकट मिश्रणात, म्हणजे मेलेल्या क्षयजंतूंच्या खिमट्यात, घोळून टोचतात आणि वर डांग्या खोकल्याचे विषही देतात. माणसाला युव्हिआयटिस होतो तेव्हा त्याला असे कोणी काही टोचलेले नसते.

नेत्रसेवक

मी नेत्रतज्ज्ञ आहे. प्रयोगांचे निवळशंख सांगतीलच. मी डोळ्यात काय दिसते ते सांगतो, कारण ‘दाह’ हा शब्द वाचून अनेकांच्या डोळ्यांसमोर केवळ लाल डोळा येतो.

खोलीत अंधार करून स्लिट लॅम्पचा प्रकाश आम्ही अगदी बारीक आणि तिरका करून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातून पाठवतो. निरोगी डोळ्यात तो कप्पा काळाशार दिसतो, कारण आतला द्रव इतका स्वच्छ असतो की प्रकाश अडायला तेथे काही नसते. युव्हिआयटिसच्या रुग्णात मात्र कौलातून आलेल्या कवडशात धूळ तरंगावी तसे पांढरे कण हळूहळू वरखाली होताना दिसतात. बुबुळाजवळचा द्रव कोमट असल्याने वर चढतो आणि पारपटलाजवळचा गार असल्याने खाली उतरतो, त्या प्रवाहाबरोबर ते फिरत असतात. ते कण म्हणजे पांढऱ्या पेशी. आम्ही एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर प्रकाशपट्ट्यात त्या किती दिसतात हे अक्षरशः मोजतो आणि त्यावरून दाहाची प्रत ठरवतो. याशिवाय द्रव धुरकट दिसतो, कारण रक्तवाहिन्या झिरपू लागून प्रथिने आत आलेली असतात. त्या झिरपलेल्या प्रथिनांत सी३ असतेच.

एक खबरदारी मात्र आग्रहाने सांगतो. आपल्याकडे प्रत्येक युव्हिआयटिस स्वयंप्रतिकाराचा नसतो. क्षय, टॉक्सोप्लाझ्मा, नागीण, सिफिलिस, लेप्टोस्पायरोसिस हे सगळे डोळ्यात दाह निर्माण करतात आणि वरवर तसेच दिसतात. त्यामुळे रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठीची मान्टू चाचणी यांचा निकाल हाती आल्याशिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कोणी सुरू करू नयेत. आणि अर्थात, वाढवणारी म्हणून विकली जाणारी औषधेही घेऊ नयेत.

निवळशंख

काल अर्धवट सोडलेला भाग आज पुरा करतो, त्यात शंकासुरांच्या शंकाही येतील.

२००९ च्या प्रयोगात छोट्या उंदरांचे, म्हणजे माऊसचे, दोन गट होते. एक साध्या उंदरांचा, दुसरा डॅफचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा. डॅफ नसलेला उंदीर एरवी धडधाकट असतो, खातो, पितो, पिलेही होतात. पिंजऱ्यात बघून ओळखू येणार नाही. पण दोन्ही गटांना दृष्टिपटलातील आयआरबीपी या प्रथिनाचा तुकडा टोचल्यावर डॅफ नसलेल्यांच्या डोळ्यांत दाह आणि दृष्टिपटलाची नासधूस कितीतरी अधिक झाली. अशा डोळ्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर एरवी पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक सरळ पडलेले दृष्टिपटलाचे थर चुरगळून घड्या पडल्यासारखे दिसतात आणि प्रकाशग्राहक पेशींची रांग मध्येमध्ये तुटलेली असते.

महत्त्वाचा भाग पुढेच आहे. संशोधकांनी केवळ डोळे पाहिले नाहीत, तर टी-पेशीही, म्हणजे ठरावीक प्रतिजन ओळखून हल्ला चढवणाऱ्या पांढऱ्या पेशीही, बाहेर काढून पाहिल्या. डॅफ नसलेल्या उंदरांच्या टी-पेशी त्याच प्रथिनाला अधिक जोरात प्रतिसाद देत होत्या आणि इंटरफेरॉन-गॅमा व इंटरल्यूकिन-१७ ही दाहाची दोन्ही रसायने अधिक सोडत होत्या. म्हणजे डॅफचा लगाम केवळ डोळ्याच्या ऊतींवर नाही, तर त्या ऊतींवर चालून जाणाऱ्या सैन्याच्या भरतीवरही आहे. उलट, साध्या उंदरांना विरघळणाऱ्या रूपातला डॅफ बाहेरून दिल्यावर त्यांच्या टी-पेशी थंडावल्या आणि दृष्टिपटल बऱ्याच अंशी वाचले.

हे कसे होते, याचा धागा २००५ मध्येच हाती आला होता. डॅफ टी-पेशींना आवरतो असे दाखवणारे दोन स्वतंत्र निबंध त्या वर्षी आले. प्रतिजन दाखवणारी पेशी आणि टी-पेशी एकमेकींना भिडतात तेव्हा दोघीही आपल्यापुरते काँप्लिमेंटचे घटक स्वतःच तयार करतात, त्यातून सुटलेले सी३ए आणि सी५ए टी-पेशीवरील ग्राहकांना चिकटतात आणि तिला चेतवतात. दोन पेशींमधल्या त्या चिंचोळ्या फटीत डॅफ उभा असतो. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते की, ज्या यंत्रणेला आपण शंभर वर्षे रक्तद्रवातली, यकृतात बनणारी यंत्रणा म्हणून शिकवत आलो, ती दोन पेशींच्या कानगोष्टीतही आहे.

आता शंकासुरांच्या सोवळ्याकडे येतो. डोळ्याची भिंत खरी आहे, पण भिंत हे अर्धेच उत्तर आहे. पुढच्या कप्प्यात ठेवलेले प्रतिजन शरीरापासून लपून राहत नाही. ते प्लीहेपर्यंत पोहोचते आणि तेथून परत येते ती सहिष्णुता, म्हणजे त्या प्रतिजनावर न उलटता ते सोसणे. २००३ साली असे दिसले की, ही सहिष्णुता घडण्यासाठी काँप्लिमेंटच लागते. नियामकांच्या मदतीने सी३बी तोडल्यावर उरणारा आयसी३बी हा तुकडा प्रतिजन दाखवणाऱ्या पेशींना चिकटतो आणि त्यांना टीजीएफ-बीटा व इंटरल्यूकिन-१० ही शमवणारी रसायने सोडायला लावतो. सी३ नसलेल्या प्राण्यात ही सहिष्णुता नीट येतच नाही. त्यामुळे मी ‘आग विझवलेली’ असे म्हणत नाही, ‘मंद ठेवलेली’ असे म्हणतो. चूल साफ विझली तर भात कच्चा राहतो.

फ्रॉइंडच्या मिश्रणाविषयीची शंका रास्त आहे. तरी एक प्रयोग नोंदवतो. ज्यांच्या टी-पेशी जन्मतःच आयआरबीपी ओळखतात असे उंदीर अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये तयार केले गेले. त्यांना काहीही टोचावे लागत नाही, त्यांना युव्हिआयटिस आपोआप होतो. २०१५ मध्ये दाखवले गेले की, प्रतिजैविके देऊन त्यांच्या आतड्यातील जंतू कमी केले की आजार सौम्य होतो. म्हणजे चिथावणी सुईतूनच यावी लागते असे नाही, ती पोटातूनही येऊ शकते.

पेट्रीडिश

एक दुरुस्ती आणि एक भर.

दुरुस्ती अशी की, निवळशंख यांनी पहिल्या लेखात क्रायचा उल्लेख अशा रीतीने केला आहे की वाचकाला तो माणसातही असावा असे वाटेल. क्राय हा उंदीरवर्गीय प्राण्यांचा नियामक आहे. माणसात ते काम सीडी४६ आणि डॅफ मिळून करतात, तर छोट्या उंदरात सीडी४६ जवळपास वृषणापुरताच आढळतो. क्राय किती अटळ आहे पाहा : त्याचे जनुक काढलेले उंदराचे गर्भ जन्मापर्यंत पोहोचतच नाहीत, आईचे काँप्लिमेंट त्यांना संपवते, आणि सोबत सी३चे जनुकही काढले की तेच गर्भ जगतात. हा निष्कर्ष २००० सालचाच. याचा अर्थ असाही होतो की, उंदराच्या डॅफवरून माणसाच्या डॅफविषयी थेट निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यावा.

भर पुण्याशी संबंधित आहे. १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सी३ला चिकटून त्याचे फुटणे रोखणारा कॉम्पस्टॅटिन हा छोटा पेप्टाइड सापडला. त्या निबंधाचे पहिले लेखक अरविंद साहू हे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आले आणि तेथे त्यांनी काँप्लिमेंटचीच प्रयोगशाळा उभारली. विषाणू आपल्या पेशींचे नियामक कसे चोरून वापरतात, हा तेथील अभ्यासाचा एक मोठा विषय राहिला आहे. देवीच्या लशीतला व्हॅक्सिनिया विषाणू असे नियामक प्रथिन बनवतो हे १९८८ पासून ठाऊक आहे. कॉम्पस्टॅटिनच्या कुळातले पेगसेटाकोप्लान हे औषध फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत डोळ्यात टोचण्यासाठी मंजूर झाले. ते युव्हिआयटिससाठी नव्हे, तर वयोमानाने दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजतो त्या आजाराच्या कोरड्या प्रकारासाठी आहे.

सोनचाफा

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला लहान मुलांचा संधिवात आहे आणि दोन वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत तिच्या डोळ्यात युव्हिआयटिस आढळला. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, तिची तक्रार काहीच नव्हती. तपासणी चुकवली असती तर आम्हाला कळलेही नसते. हा धागा दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यात नेमके काय घडते याचे चित्र उभे राहिले, त्याबद्दल आभार.

तिच्या रक्तात सी३ आणि सी४ तपासले होते आणि दोन्ही ‘नॉर्मल’ आले. मग तिच्यात काँप्लिमेंटचा संबंध नाही असे समजावे का? आणि डॅफ कमी आहे की नाही हे कळण्याची काही चाचणी असते का?

नेत्रसेवक

ताई, सी३ आणि सी४ची रक्तचाचणी ल्युपससारख्या आजारांत उपयोगी पडते, कारण तेथे संपूर्ण शरीरात काँप्लिमेंट इतके खर्च होते की रक्तातली पातळी उतरते. डोळा हा काही मिलिलिटरांचा कप्पा आहे. तेथे कितीही खळबळ माजली तरी रक्तातला साठा हलत नाही. युव्हिआयटिसच्या रुग्णांच्या डोळ्यातील द्रव तपासलेल्या अभ्यासांत काँप्लिमेंटचे तुकडे वाढलेले आढळले आहेत, पण त्यासाठी डोळ्यात सुई घालावी लागते आणि मुलीच्या उपचारात त्याने काही फरक पडणार नाही. डॅफची चाचणी असते, ती रक्तपेशींवर फ्लो सायटोमेट्रीने करतात, परंतु ती पीएनएच या रक्ताच्या आजारासाठी. तुमच्या मुलीला तिची गरज नाही.

तिच्या बाबतीत तुम्ही जे केले तेच मोलाचे आहे : तक्रार नसतानाही ठरलेल्या दिवशी स्लिट लॅम्पखाली बसवणे. लहान मुलांचा हा युव्हिआयटिस पांढऱ्या, शांत डोळ्यात लपून बसतो आणि तक्रार सुरू होईपर्यंत बुबुळ भिंगाला चिकटलेले असते.

शंकासुर

पीएनएचचा उल्लेख आला म्हणून विचारतो. त्या आजारात रक्तपेशींवर डॅफ आणि सीडी५९ दोन्ही नसतात. शिवाय जन्मतः डॅफच नसलेली माणसेही आहेत. २०१७ मध्ये वर्णिलेल्या चॅपल या आजारातील मुलांचे आतडे प्रथिने गमावते, अंगावर सूज येते, रक्तात गुठळ्या होतात. त्या आजाराचे ठाणे आतड्यात आहे, डोळ्यात नाही. निवळशंख म्हणतात तसा डॅफ जर डोळ्याचा राखणदार असेल, तर राखणदार नसलेल्या घरात चोरी का होत नाही?

निवळशंख

प्रश्न उत्तम आहे. पीएनएच प्रथम बाजूला काढू या. तेथे मज्जेतील मूळ पेशीत दोष निर्माण होतो, त्यामुळे रक्तपेशींचे लगाम जातात. डोळ्याच्या ऊतींचे जात नाहीत.

चॅपलची मुले मात्र तुमच्या बाजूने साक्ष देतात, हे मान्य करायला हवे. माझे उत्तर असे आहे की, डॅफ नसलेल्या उंदरालाही आपोआप युव्हिआयटिस होत नाही. चिथावणी मिळाल्यावर तो साध्या उंदरापेक्षा वाईट होतो, एवढेच प्रयोग सांगतो. माणसाच्या डोळ्यात सीडी४६ आणि सीडी५९ हेही आहेत, म्हणजे राखणदार तीन आहेत, आणि आतड्यासारखी जंतूंची रोजची गर्दी तेथे नाही. चॅपलमध्ये टी-पेशी अधिक भडक वागतात, हे २०१७ च्या त्याच अभ्यासात दिसले होते. आणि सी५ रोखणारे पोझेलिमॅब २०२३ मध्ये याच आजारासाठी मंजूर झाले. तेव्हा यंत्रणा तीच, फक्त आग कोठे लागते ते ठिकाण वेगळे.

पेट्रीडिश यांची दुरुस्ती मान्य. मूळ लेखात ‘उंदरांतील’ हा शब्द घालायला हवा होता.

पेट्रीडिश

मग औषध का नाही, हा पुढचा प्रश्न कोणीतरी विचारीलच, म्हणून आधीच लिहितो. २०१० मध्ये उंदरांच्या युव्हिआयटिसवर सी५विरोधी प्रतिपिंडे वापरून पाहिली गेली. रक्तातून दिली तरी आणि डोळ्यात दिली तरी आजार सौम्य झाला. पण माणसाला सी५ रोखणारे औषध रक्तातून दिले की मेंदूच्या आवरणाला दाह करणाऱ्या मेनिंगोकॉकस या जंतूचा धोका एवढा वाढतो की आधी लस टोचावी लागते. केवळ डोळ्यासाठी एवढी जोखीम पत्करताना डॉक्टर विचार करणारच, विशेषतः २०१६ पासून युव्हिआयटिससाठी ॲडालिमुमॅब या औषधासारखा पर्याय मंजूर असताना. डोळ्यातच टोचावे म्हटले, तर पेगसेटाकोप्लान बाजारात आल्यावर त्याच वर्षी काही मोजक्या रुग्णांत दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांचा तीव्र दाह झाल्याचे वृत्त आले. दाहाची यंत्रणा रोखणारे औषध टोचल्यावर दाह व्हावा, यावर आमच्या प्रयोगशाळेत दोन दिवस दुसरे बोलणे नव्हते.

शंकासुर

तीन राखणदारांचे उत्तर पटले. फ्रॉइंडच्या खिमट्याविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. आपोआप युव्हिआयटिस होणाऱ्या उंदरांत डॅफ काढून कोणी पाहिले, तर मला अवश्य कळवा.

निवळशंख

कळवीन. तोवर तुमची शंका धाग्याच्या मथळ्याखाली नोंदवून ठेवतो आणि मूळ लेखात क्रायची दुरुस्तीही करतो.